उष्टा नान

समरकंदहून निघताना आईने गरम नान पुढे केला. "घास घे!" प्रवासाला निघणाऱ्याने चावलेला नान घरात खिळ्याला टांगतात, उरलेला त्यानेच परत येऊन संपवायचा. "आई, ताश्कंदला चाललेय, अमेरिकेला नाही! आधी व्हिसा तर मिळू दे!" पण आईपुढे कोणाचं चाललंय? घेतला घास. ताश्कंदच्या अमेरिकन दूतावासातल्या साहेबांनी कागद चाळले. "शिक्षण संपल्यावर परत येशील कशावरून?" पाठ केलेलं उत्तर साफ विसरले. "माझा उष्टा नान घरी टांगलाय," मी बोलून गेले, "तो मलाच संपवावा लागणार!" साहेब खदखदून हसले. व्हिसा मंजूर! संध्याकाळी नाचतच घरात शिरले. आईने तोच नान हातात दिला. "परत आलीस ना? संपव आता." मी संपवेपर्यंत तिने तंदूरमधून ताजा काढला. "हा अमेरिकेचा. मुनिसा, घास छोटा घे हं. जास्त उरला, की लवकर येशील."