एकतीस शेरे

त्या आठवड्यात टोचणीकडे चारशे बारा चुका आल्या. त्यांपैकी दोनशे सतरा एकाच विद्यार्थ्याच्या होत्या.

मास्तरने आकडे पुन्हा तपासले. तेच आले.

मास्तर हे त्याचं वर्गातलं नाव. एरवी तो एका कंपनीत प्रोग्रॅमर होता आणि संध्याकाळी वाचनालयाच्या माडीवर नवख्यांना प्रोग्रॅमिंग शिकवायचा. टोचणी हे साधन त्याने आणि त्याच्या ताईने मिळून केलं होतं, आणि इंटरनेटवर कुणालाही फुकट वापरायला ठेवलं होतं. शिकणारा चुकला की टोचणी थांबायची आणि शेरा मारायची. आतलं यंत्र मास्तरचं, शेरे ताईचे. एकतीस प्रकारच्या चुका, एकतीस शेरे.

ताईची जीभ तिखट. कंस उघडून बंद केला नाही की टोचणी म्हणायची, ‘दार सताड उघडं टाकून कुठे निघालास? मांजर येईल ना आत!’ शून्याने भागायला गेलं की, ‘शून्य पाहुण्यांत एक सफरचंद वाटून दाखव, मग बोलू.’ प्रत्येक शेरा लिहून झाला की ताई आईला शेजारी बसवायची आणि ती चूक मुद्दाम करायला लावायची. आईला कळलं म्हणजे जगाला कळेल, असा तिचा हिशेब. टोचणीने चुकणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, हाही तिचाच हट्ट. प्रत्येकाला एक निनावी क्रमांक मिळायचा; कुठल्या क्रमांकाने कुठल्या प्रकारची चूक केली, एवढंच मास्तरकडे यायचं.

गेल्या वर्षी ताई आजारपणात गेली. टोचणी मास्तरच्या एकट्याच्या गळ्यात पडली. नोकरी, वर्ग आणि हे, असं तिहेरी ओझं त्याला झेपत नव्हतं. एका मोठ्या शाळेने टोचणी चालवायला घेतली तरच ती टिकणार होती, नाहीतर महिन्याअखेर बंद.

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आठवड्याच्या चुकांचा तक्ता नीट वाचला आणि त्या एका विद्यार्थ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. एक मूल आठवडाभर शिकत नसेल तर साधन शिकवतं असं कसं म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. दोन सोमवारांनी पुन्हा या, म्हणाल्या.

वर्गात या विद्यार्थ्याचं नाव ‘ढ’ पडलं. औषधाच्या दुकानात काम करणारी मुलगी पुढच्या बाकावर बसायची. ती म्हणाली, “मास्तर, मी ढ आहे, मला विचारा. आम्ही आमच्या ठरलेल्या दोन-चार चुका करतो. याच्याकडून एकही प्रकार सुटत नाही. हा ढ नाही, हा हौशी आहे.”

सगळे हसले. मास्तरही हसला, पण त्याचं डोकं भलतीकडेच धावत होतं. दोष ढ चा नसेल, शेऱ्याचा असेल तर?

त्याने प्रयोग करायचं ठरवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उघड्या कंसाचा शेरा काढून त्याने सरळ, सभ्य वाक्य घातलं: ‘येथे कंस बंद करावा.’

दुसऱ्या दिवशी ढ ने ती चूक एकदा केली. त्यानंतर कधीच केली नाही. बाकीच्या तीस चालूच होत्या.

मास्तर खुर्चीतून उठून खोलीभर फिरला. मग शून्याचा शेरा बदलला. तेच झालं. नवं वाक्य एकदा वाचलं, चूक बंद. तिसरा, चौथा, पाचवा, मग रोज तीन-चार. निकाल एकदाही चुकला नाही. ताईचं लिहिणं पुसताना हात जड व्हायचा, पण आकड्यांपुढे कुणाचं चालतं? दुसऱ्या गुरुवारपर्यंत एकतीसही शेरे बदलून झाले. शनिवारी ढ ची चूक एकही नव्हती.

त्या संध्याकाळी तो वर्गातून उड्या मारतच घरी आला. आई आतल्या खोलीत ताईच्या टेबलापाशी बसली होती. त्याने सगळं सांगितलं: ढ शिकला, सोमवारी शाळा हो म्हणणार, ताईची टोचणी आता मरत नाही.

आईने ऐकून घेतलं. म्हणाली, “बरं झालं.”

“एवढंच?”

“तुझं काम झालं ना, मग बरंच झालं.” तिने पदराने टेबलाची कड पुसली. “एक विचारू? आधी मांजर गेलं, मग ते सफरचंद गेलं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.”

तिने ताईचा लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर एकच ओळ होती, कंस उघडा ठेवलेली, अजून न चालवलेली.

“तिने शिकवलं होतं तसंच करायचे रोज, एकेक चूक. पण आता ती बोलतच नाही रे.”

मास्तरने खुर्ची ओढली. जुनी फाइल शोधली आणि जेवायच्या आधी सगळे शेरे होते तसे परत घातले.

सोमवारी मुख्याध्यापिकाबाईंनी नवा तक्ता हातात घेतला. ढ च्या रकान्यात, शनिवार: शून्य. रविवार: एकतीस.