अडवलेलं पाणी

बाहत्तरच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या, पण डोंगरातल्या झऱ्याचा ओढा आटला नाही. त्या साली कृष्णेत थोडंफार जिवंत पाणी होतं, ते असल्याच ओढ्यांचं. मिल्ट्रीतून पेन्शनीत आलेल्या हंबीररावांनी तो कृष्णेला मिळतो तिथंच, संगमावर, वाळूची पोती रचून अडवला. खालच्या गावची माणसं विनवायला आली, तर त्यांच्यावर काठी उगारली. "आमचं पानी आमी कुनाला द्यायचं न्हाई!"

तिसऱ्या दिवशी झऱ्याच्या दगडी गोमुखातून नारळ पडला. हळदीकुंकू लावलेला, कृष्णेला वाहतात तसा. गोमुखाचं तोंड जेमतेम मुठीएवढं.

"आवं, पोती काढा," त्यांची बायको बनुबाई म्हणाली. "नदी मागं फिरलीया."

"कुनाची तरी मस्ती हाय ही. हाडं मोडतो एकेकाची!" हंबीरराव भर दुपारी काठी घेऊन गोमुखासमोर बसले. आसपास चिटपाखरू नव्हतं.

आधी ओटीचा खण आला. मग पितळी तांब्या ठणकन दगडावर आदळला. त्यांनी उचलून त्यावरचं नाव वाचलं. 'चि. सौ. कां. अंबू हिस, वडिलांकडून.'

त्यांची लेक अंबू सांगलीत नांदत होती. रोज सकाळी हाच तांब्या घेऊन ती कृष्णेच्या घाटावर जायची.

पोती फोडायला ते धावणार, एवढ्यात धार बारीक होत होत थांबली. आत काहीतरी मोठं अडकलं होतं.

हंबीररावांनी गोमुखाला कान लावला.

दगडाच्या आत, अगदी जवळ, बांगड्या वाजल्या.