सरांची दाढी

“हलू नका सर, वस्तरा गळ्याशी आहे,” न्हावी म्हणाला आणि त्याने आतल्या पडद्याकडे बघून आपल्या पोरीला हाक मारली. “ये गं. सर मोकळेच आहेत.”

सर कसले मोकळे! गळ्याभोवती कापड, अर्ध्या तोंडाला फेस आणि मान मागे टाकलेली. पडद्याआडून आईने पोरीला पुढे ढकललं आणि स्वतः तिथेच अर्धी आत, अर्धी बाहेर उभी राहिली.

“सर, उद्याच्या तोंडी परीक्षेतलं हृदयाचं काम सांगते,” पोरगी म्हणाली. आणि गप्प झाली.

नेमकं इथेच घोडं अडायचं. पोरीला सगळं यायचं, पण बोलण्याआधी ती अख्खं वाक्य मनात जुळवून घ्यायची. सर माणूस लाख चांगला, पण घाई म्हणाल तर पायाला भिंगरी. तिचं वाक्य जुळेपर्यंत ते स्वतःच उत्तर सांगून टाकायचे, “पुढची!” म्हणायचे आणि हिच्या नावावर भोपळा. उद्याही भोपळाच मिळाला तर पोरगी विज्ञानात नापास, हे ठरलेलंच होतं.

आताही सरांचे ओठ हलले. “अशुद्ध र...”

“अंहं.” न्हाव्याने बोटाने त्यांची हनुवटी वर केली. “कापेल.”

दुकानात नुसती पंख्याची घरघर. मग पोरीचं वाक्य जुळलं.

“अशुद्ध रक्त आधी उजव्या कर्णिकेत येतं. तिथून उजव्या जवनिकेत.”

ती पुन्हा थांबली. सरांच्या भुवया तेवढ्या मोकळ्या होत्या, त्या वरखाली नाचायला लागल्या. पोरीने तिकडे बघितलंच नाही. तिने सावकाश पुढचं वाक्य घेतलं, मग त्याच्या पुढचं.

पंचाईत अशी झाली की रक्त फुप्फुसांत पोचलं आणि सरांची दाढी संपली. गाल कसे गुळगुळीत! न्हाव्याने बायकोकडे बघितलं. तिने असे डोळे वटारले, की त्याने निमूट ब्रश उचलला आणि त्याच गालांना पुन्हा फेस फासला.

“सर, दाढी भलतीच चिवट हो तुमची,” बाकावर ताटकळलेला रंगारी हसू दाबत म्हणाला. सरांनी त्याच्याकडे नुसते डोळे फिरवले. दुसरं करणार काय?

“...आणि महाधमनीतून रक्त सगळ्या शरीरात जातं,” असं म्हणून पोरीने मोठा श्वास सोडला.

शेवटपर्यंत! सरांच्या समोर पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत पोचली होती. रंगाऱ्याने टाळ्या पिटल्या. आईने पडद्याचं टोक तोंडावर धरलं, तरी ती हसतेय की रडतेय हे काही लपेना. न्हाव्याचा ऊर भरून आला. एवढा आनंद त्याला दुकान उघडलं त्या दिवशीही झाला नव्हता.

त्याने सरांचं तोंड पुसलं, वस्तरा धुऊन खणात ठेवला. सर सुटले. सुटल्या सुटल्या ताठ बसून त्यांनी विचारलं, “डाव्या जवनिकेची भिंत जास्त जाड का?”

पोरगी छताकडे बघायला लागली.

सरांचं तोंड उघडलं. न्हाव्याचा हात वस्तऱ्याच्या खणाकडे गेला, पण आता अडवणार कसं? पण सरांची नजर समोरच्या आरशावर गेली, तिथे त्यांना स्वतःचंच उघडं तोंड दिसलं. त्यांनी ते मिटलं. मग आपणहून मान मागे टेकली.

“कर विचार,” ते म्हणाले. “मी बसलोय.”

रंगाऱ्याने दोनदा घड्याळ बघितलं, तेव्हा कुठे पोरीचं वाक्य जुळलं.

“उजवीला रक्त शेजारीच द्यायचं असतं सर, फुप्फुसांत. डावीला गावभर पोचवायचं असतं. मग जोर नको?”

“गावभर!” सर खो खो हसले. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “उद्या तुला सगळ्यांत शेवटी बोलावू का? म्हणजे मागे कुणी ताटकळणार नाही. चालेल?”

‘हो सर’ न्हाव्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. पोरीचा विचार अजून चालू होता.