पहारेकऱ्याचा डबा

तिने विजेचा नॉब आणखी थोडा खाली फिरवला. दिवा हिरवाच.

एव्हाना तो लाल व्हायला हवा होता. बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी, याच टेबलावर, नॉब एवढा फिरवला की चटकन लाल व्हायचा. ब्रेक सांभाळणाऱ्या सर्किटला वीज कमी पडू लागली की एक चिमुकली चिप ते ओळखायची, ड्रायव्हरला इशारा द्यायची आणि ब्रेक पायाच्या जोरावर चालणाऱ्या साध्या यंत्रणेकडे सोपवायची. चिपला दुसरं कामच नव्हतं. नुसतं जागं राहायचं. रजेत, तान्ह्याचा श्वास ऐकत पडलेली असताना, तिला कितीदा वाटलं होतं की आपली आणि त्या चिपची नोकरी एकच.

टेबलाच्या कडेला खरंखुरं चाक गरगरत होतं. तिने पेडल दाबलं, चाक थांबलं. पाय तसाच ठेवून तिने नॉब अजून खाली नेला. ब्रेकची पकड सुटली. चाक पुन्हा फिरायला लागलं.

दिवा हिरवा.

तिने वीज बंद केली आणि बोर्डाचं झाकण उघडलं. चिपच्या पायाशी केसाएवढी तार होती, हाताने सोल्डर केलेली. चिप ज्या ठरलेल्या मापाशी वीज ताडून बघायची, त्या मापाची वेगळी जोडणी कोणीतरी तोडली होती. आता ती माप घेत होती त्याच विजेकडून, जिच्यावर तिने पहारा ठेवायचा. वीज घसरली की मापही घसरणार, आणि चिपला सगळं आलबेलच दिसणार.

सोल्डरचा थेंब छोटा, गोल, तारेचं शेपूट आत वळवलेलं. असं काम या इमारतीत एकच माणूस करायचा. तिलाही त्यांनीच शिकवलं होतं.

सगळी लॅब त्यांना मामा म्हणायची. ते दोन कप चहा घेऊन आले.

"आलीस? पाळणाघरात रडलं का पिल्लू?"

"ते नाही रडलं. मी रडले."

मामा हसले. मग त्यांना उघडं झाकण दिसलं. त्यांनी कप हळूच टेबलावर ठेवले.

"थंडीत गाडी सुरू केली की बॅटरी क्षणभर बसते," ते म्हणाले. "रोज सकाळी लाल दिवा. गिऱ्हाईक वैतागलं, वरचे माझ्या मानगुटीवर. नीट करायचं तर अख्खा बोर्ड नव्याने. एवढा वेळ कोण देतंय?"

"पहिल्या दिवशी मला काय सांगितलं होतंत, मामा? पहारेकऱ्याचा डबा त्याच्या स्वतःच्या घरून आला पाहिजे."

"लक्षात आहे होय तुझ्या."

"आता कुठून येतोय डबा?"

मामांनी चहावर फुंकर घातली. "अगं पोरी, वीज इतकी खाली जाते कधी? आणि उद्या गाड्या बाहेर पडतायत. वर विचारत होते, तपासलं कोणी म्हणून. तुझं नाव सांगितलं."

"मी रजेवर होते."

"घरून बघितलंस म्हटलं. तुझं नाव घेतलं की पुढे कोणी काही विचारत नाही. तुझ्या बढतीचंही कानावर घातलंय."

ते नाव त्यांनीच मोठं केलं होतं. तिच्या चुका सगळ्यांदेखत नाही, बाजूला नेऊन सांगितल्या होत्या. डोहाळेजेवणाला साडी आणली होती, ती तिने आज नेसली असती, पण लॅबमध्ये साडी चालत नाही.

तिने वीज पुन्हा सुरू केली, नॉब होता तिथेच. चाक फिरायला लागलं. इमारतीखाली उभ्या असलेल्या चाचणीच्या गाडीची किल्ली टेबलावर मामांच्या कोपराशी पडली होती. त्या गाडीत हाच बोर्ड होता, अशाच तारेसकट.

"मामा," ती म्हणाली, "बाळाला बघायचंय म्हणत होतात ना? संध्याकाळी त्याला आणायला खालच्या गाडीने जाऊ. तुम्हीच चालवा."

मामांचा कप ओठांपाशी थांबला. मग त्यांनी तो खाली ठेवला, किल्ली उचलली आणि तिच्याकडे न बघता खिशात टाकली. "रिक्षाने जाऊ," ते म्हणाले.

तिने पेडल तळापर्यंत दाबलं. चाक फिरतच राहिलं. दिवा हिरवा.