ओळंबा

…म्हणे ग्लास दोन्ही हातांनी धरायचा. पेंटरने धरला, पाणी प्यायला, खाली ठेवला.

"काका, दुसरा हात?" व्यायाम शिकवायला येणारी ताई म्हणाली.

"लावला की."

ताईने मुलीकडे पाहिलं. मुलीने खिडकीकडे. झटका आल्यापासून घरात हे असंच चाललं होतं. त्याच्या डोक्यावरून, नुसत्या डोळ्यांनी बोलणं.

…बाकी तो बरा होता. जीभ शाबूत होती, ब्रश हातात बसत होता. डाव्या अंगात जोर राहिला नाही असं डॉक्टर म्हणाले होते, त्याला मात्र तसं काही जाणवत नव्हतं. रोजची कामं हाच व्यायाम, असं ताई सांगे. टॉवेल पिळायचा, शर्टाची बटणं लावायची, आपल्या हाताने जेवायचं. आणि प्रत्येक कामाआधी लाल पट्टी शोधायची. ताटाला, आरशाला, टेबलाला तिने म्हणे लाल पट्ट्या चिकटवल्या होत्या. त्याला एकही कधी दिसली नाही. आपण खोटं बोलतो का हे बघायची ही युक्ती असावी असं वाटून तो दर वेळी सांगे, "दिसली."

ताट मात्र विचित्र होतं. हल्ली निम्मंच वाढत. तो ते चाटूनपुसून संपवी. मग ताई ताट नुसतं फिरवी, की त्यात पुन्हा जेवण. वर्तमानपत्रातले मथळेही मधूनच सुरू होत. छापणाऱ्यांची अक्कल गहाण पडली आहे, असं त्याने मुलीला सांगितलं. ती हसली नाही.

हे सगळं चाललं असतं. बायको दिसत नव्हती, ते चालत नव्हतं.

…जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्याने. तो शिडीवर, ती खाली शिडी धरून. "अहो, वर चाललंय." "आता उतरायला लागलं." गवंड्याला भिंत सरळ आहे का ते ओळंब्याच्या दोरीने कळतं, तसं त्याला तिच्या हाकेने. त्याने तिचं नावच ओळंबा ठेवलं होतं. चारचौघांत तशी हाक मारली की ती चिडे, आणि चिडून ओ देई.

दवाखान्यातून आल्यावर त्याने मुलीला विचारलं होतं.

"आई इथेच आहे, बाबा," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

गेलेल्या माणसाबद्दल असंच बोलतात. त्याने पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगून टाकलं असतं.

…आणि मग आवाज. दुपारी तो बटणं लावत होता. खोलीत कुणी नव्हतं.

"खालचं बटण वरच्या काजात घातलंत."

तिचाच आवाज. तो आवाजाच्या रोखाने वळला. तिथे कपाट होतं. त्याने ते उघडलं. आत तिचे कपडे घड्या घालून ठेवलेले.

"कपाटात काय शोधताय?" आवाज म्हणाला.

त्याने दार लावून घेतलं. कुणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर व्यायाम राहिला बाजूला, वेड्याच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या. तेव्हापासून प्रत्येक काम तो जीव मुठीत धरून करू लागला. टॉवेल पिळताना कुणीतरी श्वास घेई. घास तोंडाशी नेला की कुणीतरी नाक ओढी. तो मान खाली घालून जेवत राही.

…भिंतीआड ताई मुलीला दटावत होती. कुणीही जागा बदलायची नाही, सांगत बसून तर काहीच उपयोग नाही. त्यांचं त्यांनाच कळायला हवं. मुलगी रडत होती.

म्हणजे बायको गेली हे खरं होतं. आणि ते त्याला सोसवेल का, याचीच ही सगळी तालीम चालली होती.

…तर फळा. ताईने तो खुर्चीसमोर भिंतीला टेकवला आणि आपल्या दुकानाची पाटी रंगवा म्हणाली. मुलगी शेजारी रंगाचा डबा धरून उभी राहिली. त्याने ब्रश बुडवला. पहिली रेघ झोकात आली. दुसरी ओढताना हात सैल पडला आणि त्याला वाटलं, सुटलो, हे तरी आपलं राहिलं.

"अहो, खाली चाललंय."

ब्रश गळून पडला. त्याने मुलीकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

"तुला ऐकू आलं?"

"हो, बाबा."

एकट्याचा भास असता तर बरं झालं असतं.

"खरं सांग," तो म्हणाला. "कधी गेली ती?"

मुलीने तोंड उघडलं. ताईने तिला हातानेच थांबवलं. मग ताई त्याच्या मागे आली आणि त्याचे दोन्ही गाल तळव्यांत धरून त्याचं तोंड हळूहळू डावीकडे वळवू लागली.

"वळा, काका. अजून."

"संपली भिंत."

"नाही संपली. अजून थोडं."

भिंत संपली नव्हती. फळ्याची दुसरी कड आली, तिच्यावर लाल पट्टी. त्यापलीकडे दार. या खोलीला दार होतं. त्यापलीकडे त्याचा पलंग, एक उशी, आणि अगदी त्याच्या गुडघ्याला लागून एक स्टूल. स्टुलावर बायको बसली होती. वाळली होती. नाक लाल होतं.

"आलात एकदाचे," ती म्हणाली.

तिच्या मांडीवर कुणाचा तरी हात होता. दोन्ही हातांनी तिने तो घट्ट धरून ठेवला होता. हा कोण? तो नजरेनेच त्या हाताच्या मागे मागे निघाला. मनगट, कोपर, चौकड्याची बाही, दंड, आणि मग त्याचा स्वतःचा खांदा.