आठवा खांदा

"याले मधात घ्या," चंपत म्हणाला. टोळीतल्या बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेजराम मात्र खूश झाला. बास्केटबॉलच्या टीममध्येही त्याची जागा मधलीच असे. पहिल्याच दिवशी आपल्याला मान दिला असं त्याला वाटलं. "बरं हाय भाऊ," म्हणत तो लोखंडी पाइपच्या मधोमध जाऊन उभा राहिला. स्टोअरमध्ये त्याच्या मापाचे बूट मिळाले नव्हते, म्हणून पायांत खेळाचेच जुने कॅनव्हासचे बूट होते.

हजेरीपटावर तो सात वर्षं याच टोळीतला आठवा खलाशी होता. भिलाईत कारखाना उभा राहत होता आणि क्रेन जिथं पोचत नाही तिथं माल खांद्यावरून न्यायचं काम खलाशांचं. तेजराम मात्र तिथं कधी फिरकला नाही. तो जबलपूरला, कलकत्त्याला कारखान्याच्या टीमकडून खेळत होता. पेपरात त्याचा फोटो येई. टीम कप घेऊन आली की पेढे वाटले जात, पण ते साहेबांच्या केबिनीपर्यंतच. टोळीतल्या एकानंही त्याचा खेळ पाहिला नव्हता. कसा पाहणार? तो खेळायला गेला की त्याच्या वाटचं ओझं हे सातजण उचलत होते. चंपतनं ते एक दिवसही मनातून जाऊ दिलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याचं काय चुकलं?

मागच्या हिवाळ्यात तेजरामचा डावा गुडघा गेला आणि खेळही गेला. आता फोरमननं स्वच्छ सांगितलं होतं. हा पाइप पंपहाऊसपर्यंत नेता आला तर तेजराम टोळीत राहील. नाही आला तर डॉक्टर 'अनफिट' लिहील. मग नोकरी गेली, सेक्टर पाचमधलं क्वार्टर गेलं, आणि म्हाताऱ्या आईला घेऊन परत भंडाऱ्याची वाट. फोरमन पंपहाऊसच्या दारात हाताची घडी घालून उभाच होता.

पाइपच्या पुढच्या टोकाला उभ्या मुकादम शालिकरामनं आवाज दिला, "एक, दो, उठाव!"

पाइप वर गेला आणि तेजरामला मधल्या जागेचा मान कळला. तो सगळ्यांहून उंच. मांडवाचा मधला खांब उंच झाला की बाजूचे खांब नुसते शोभेला उरतात, तसं झालं. पुढच्या तिघांनी नि मागच्या चौघांनी पाइपला हातांनी आधार दिला होता, पण त्यांचे खांदे चार-चार बोटं खालीच राहिले.

वीस पावलं तो ताठ चालला. मग भार वाटला जावा म्हणून त्यानं गुडघे वाकवून पाहिले. डावा गुडघा लटपटायला लागला तसा त्यानं घाईनं पाय सरळ केला. ताठ राहिलं तर सगळं ओझं खांद्यावर, वाकलं तर गुडघ्यावर. इकडे आड, तिकडे विहीर. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

त्याच्या लगेच मागे चंपत होता. सात वर्षांत पहिल्यांदा तो रिकाम्या खांद्यानं चालत होता. त्याला मजा वाटली. का नाही वाटणार?

"काय भाऊ," तो हळूच म्हणाला, "टाळ्या आयकू येऊन राहिल्या का?"

दोन पावलं गेल्यावर तेजरामनं विचारलं, "तुमी सात साल हे उचलून राहिले? आठजणाचं सातजण?"

"मंग कोन उचलनार? तुहा कप?"

"मले कोनी सांगतलं नाई."

"तू कधी इचारलं बे?"

तेजराम आणखी थोडं चालला. मग मान न वळवता, धापा टाकत म्हणाला, "चंपतभाऊ, जरा दुरून चाल. सगळ्याईले सांग, पाय सांभाळा. माह्या गुडघ्याचा भरोसा नाई."

चंपतची सगळी मजा तिथल्या तिथं उतरली. या माणसाला शिव्या द्यायला तो सात वर्षं शब्द जमवत होता, आणि ऐन वेळी त्यातला एकही जिभेवर येईना.

"ठेवा खाली," तो ओरडला.

"फोरमन पाहून राहिला, चंपत," शालिकराम म्हणाला.

"पाहू दे ना! ठेवा म्हनतो ना मी!"

पाइप जमिनीवर आला. तेजरामचं तोंड पांढरं पडलं. फोरमन दारातून निघून इकडेच येत होता. "मी नेतो, चंपतभाऊ," तेजराम घाईघाईनं म्हणाला. "आनखी एक डाव पाहू. मी वाकून चालतो. हे पाह्य, असा." आणि त्यानं खरंच गुडघे वाकवून दाखवले, दात आवळून.

चंपतनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाजूला सिमेंटची रिकामी पोती पडली होती. त्यातलं एक त्यानं झटकलं, घडीवर घडी घालून जाड केलं आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवलं. हातानं उंची चाचपली. कमी वाटली तसं दुसरं पोतं घेतलं. शालिकराम क्षणभर बघत राहिला, मग तोही पोत्यांकडे वळला. त्याच्यामागे बाकीचे पाचजण गेले.

तेजराम अजून तसाच, गुडघे वाकवून उभा होता.

"सीधा उभा राय," चंपत म्हणाला. "तू कायले वाकतं? आमी येतो ना वर."