अबोल्याची जोडणी

मोंतेविदेओतल्या आमच्या ऑफिसात ग्रिसेल्दा तारीख निवडायचं छोटं कॅलेंडर लिहायची आणि ते ज्यात बसवायचं, ते दवाखान्याचं मोठं सॉफ्टवेअर रूबेन लिहायचा. कॅलेंडरने काय विचारायचं, सॉफ्टवेअरने काय उत्तर द्यायचं, हे दोघं एकाच तुंब्यातून, एकाच नळीने माटेचा कडू चहा ओढत गप्पांत ठरवायचे. जोडायला घेतलं की कॅलेंडर हटकून बंद पडायचं.

"मी सांगितलं होतं तुला!"

"कधी गं बाई?"

मग रविवारच्या मॅचमधल्या एका गोलावरून दोघांची जुंपली.

"ऑफसाइड होता!"

"डोळे तपासून घे आधी!"

सोमवारपासून अबोला, तुंबेही वेगळे. बोलायचं नाही म्हटल्यावर बारीकसारीक सगळं लेखी जाऊ लागलं. महिन्याने जोडलं, आणि पहिल्याच फटक्यात चाललं! आनंदाच्या भरात दोघांनी मिठी मारली, तुंबा पुन्हा एक झाला.

दुसऱ्याच दिवशी याच्या तिप्पट मोठं काम आलं. मी त्यांचा साहेब. खुर्ची ओढून दोघांच्या मधे बसलो आणि हळूच म्हणालो,



"काही म्हणा, पण तो गोल ऑफसाइडच होता."